मातीखालचा पांढरा कोंब

घर
४ फेब्रुवारी

चि. टिकटिक हिस,

मामीचे डोक्यावरून हात फिरवून आशीर्वाद. वि. वि.

तू बेटावर सुखरूप पोचलीस हे वाचून जीव भांड्यात पडला. तिथल्या वाऱ्यात तुझ्यासारखी काडीपैलवान उडून कशी गेली नाही, याचंच नवल. तुझ्या मामांनाही नवल वाटलं असणार, पण ते काही बोलले नाहीत.

आता घाबरू नकोस अशी सुरुवात केली की माणूस हमखास घाबरतं, म्हणून सरळच सांगते. माझा डावा हात मनगटात मोडलाय. प्लास्टर घातलंय. उजवा शाबूत आहे, तोंडही शाबूत आहे, तेव्हा पत्रं येत राहतील.

झालं असं. तू जाताना आमच्याकडे ठेवून गेलीस ती कोरफड मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती. ती उजेडाकडे इतकी झुकली की सगळा भार एका अंगाला गेला. म्हटलं, कुंडी जरा फिरवून ठेवू, म्हणून स्टुलावर चढले. हात लावायचा अवकाश, बाईसाहेब माझ्याच अंगावर! तिला सावरायला गेले आणि दोघीही खाली.

तुझे मामा बाहेरच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीत. काचबिंदूने नजर गेली आणि घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झालं, त्याला आता दीड वर्ष होईल. तेव्हापासून ते आणि ती खुर्ची, हे तू पाहूनच गेलीस. पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागतो. त्यामुळे मी हाकसुद्धा मारली नाही. पण आवाज ऐकून ते उठले गं! भिंतीला हात लावत, अनवाणी, फुटक्या कुंडीच्या खापरांवरून चालत आले. माझ्याजवळ बसले, मला चाचपून पाहिलं, आणि जमिनीवर मूठ आपटून आपटून खालच्या शिंपीकाकांना वर बोलावून घेतलं. काका आले तर त्यांना आधी ह्यांचंच रक्त दिसलं. तळपायात खापर रुतलं होतं, ह्यांना पत्ता नाही. मग एक लंगडा आणि एक लुळी, अशी आमची जोडी दवाखान्यात गेली.

मला वाटलं, चला, माझा हात गेला पण माणूस खुर्चीतून उठला. कसलं काय! घरी आल्यापासून जास्तच मिटून बसलेत. एकदाच बोलले. म्हणाले, डोळे असते तर स्टुलावर मी चढलो असतो.

तुझ्या कोरफडीचं मात्र एक सांगायलाच हवं. कुंडीचे तुकडे झाले, पण माती सांडली नाही. मुळांनी ती अशी आवळून धरली होती की कुंडी गेली तरी कुंडीचा आकार तसाच उभा. तळाचं भोकसुद्धा मुळांत उमटलेलं! मनगट ठणकत होतं, शिंपीकाका रिक्षाला हाका मारत होते, आणि मी जमिनीवर पडल्या पडल्या ते बघत होते. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सध्या तिला वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलंय. माझ्या एका हाताने ती पुन्हा लावणं व्हायचं नाही, आणि खाली शिंपीकाकांकडे गणवेशांची घाई आहे. टाकून देऊ का, तेवढं कळव.

बाकी ठीक. लोभ आहेच, तुझ्या बाजूने आटू देऊ नकोस.

तुझी
एकहाती मामी

*

हवामान केंद्र
१४ फेब्रुवारी

ती. मामा आणि मामीस,

सा. न. वि. वि.

पत्र धक्क्यावरच उभ्याउभ्या वाचलं. इथे फोन नाही, बिनतारी यंत्र आहे ते फक्त हवामानाचे आकडे कळवायला. आठवड्याची बोट तेवढी खरी. बोटवाल्याने विचारलं की घरी सगळं ठीक ना, तर मी सांगितलं, आमची मामी एका झाडाशी कुस्ती खेळली आणि हरली. मामी, या वयात स्टुलावर चढतेस? तिथे असते तर मी तुला चांगली झापली असती. हात गळ्यात बांधून ठेव आणि कपडे पिळू नकोस. तू पिळत असणार, मला ठाऊक आहे.

मामा, पाय कसा आहे? तुम्ही त्या खापरांवरून आलात, हे वाचलं आणि पुढची ओळ मला दिसेना.

आता कोरफड. टाकू नका! ती मेलेली नाही. तिचं पाणी तिच्या पानांतच असतं. मागे मी खोली बदलली तेव्हा ती महिनाभर खोक्यात मातीशिवाय पडली होती. वाळून सुतळीसारखी झाली. लावल्यावर पुन्हा उठून बसली. त्यामुळे ती थांबेल. उलट तुटलेली मुळं जरा सुकू दिलेली बरी, ओली लावली की कुजतात.

कुंडी आधीच्यापेक्षा बोटभरच मोठी घ्या, आणि तळाला भोक हवं. निम्मी माती, निम्मी जाड वाळू. आईच्या, म्हणजे मोठ्या झाडाच्या, बुडाशी पिल्लं आली असतील. ज्यांना स्वतःची मुळं आहेत ती हलक्या हाताने वेगळी करा, बाकीची आईजवळच राहू देत.

इथे बेटावर झाड नाही. एकही नाही. गवत आहे, तेही दगडाच्या आडोशाला, कान पाडून बसल्यासारखं. खिडकीतून नुसतं आकाश आणि समुद्र दिसतो. पहिले काही दिवस मी बोलायचीच बंद झाले होते, इतकं ते मोठं आहे. म्हणून म्हटलं, माझं एक हिरवं पान तिकडे तरी असू दे.

मामी, आता पुढचं मामांसाठी. मोठ्याने वाच आणि तुझ्या सवयीप्रमाणे मधलं गाळू नकोस.

मामा, कोरफड तुम्ही लावा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. मुळं मातीत गुंतलेली असतात, ती दिसत नाहीतच. मीसुद्धा ती बोटांनीच सोडवते, तेव्हा डोळे भलतीकडे असतात. शिवाय घरात सध्या कामाचे हात तीन, त्यातले दोन तुमचे. राग आला तर पुढच्या बोटीने पाठवा.

दोघांना नमस्कार. लोभ करावा आणि कपडे शिंपीकाकूंकडून पिळून घ्यावेत.

तुमची
टिकटिक

*

घर
२४ फेब्रुवारी

चि. टिकटिक हिस,

मामीचे आशीर्वाद, आणि या वेळी जरा जास्तच.

तुझं पत्र शब्दन् शब्द वाचून दाखवलं. काही गाळलं नाही, कपड्यांचंसुद्धा नाही. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, आंधळ्याच्या हातात झाड देऊन काय ते मोडून घ्यायचंय का? आणि तोंड फिरवून बसले. हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. दुकानाच्या शेवटच्या दिवसांत एका बाईंच्या घड्याळाचा स्क्रू ह्यांच्या चिमट्यातून निसटला होता. तिळाएवढा. दुपारभर जमिनीवर ओणवे होऊन शोधत होते. तो सापडला नाही, आणि त्या दिवसापासून ह्यांनी हात मांडीवर ठेवले ते ठेवलेच.

पण मीही तुझ्या मामांइतकीच हट्टी आहे. रविवारी सकाळी जमिनीवर कागद पसरले. कुंडी आणि वाळू शिंपीकाकूंनी आणून ठेवलीच होती. कोरफड दोन गुडघ्यांत धरली आणि एका हाताने माती सोडवायला लागले. जमतंय कसलं! तिचे काटे पोटरीला, माती मांडीत, आणि तोंडाने माझा जप चाललेला, तो पत्रात लिहिण्यासारखा नाही. तेवढ्यात एक पान मोडलं. काकडी मोडावी तसा कटकन आवाज झाला.

बाहेरून ह्यांनी विचारलं, काय मोडलं? म्हटलं, काही नाही, पान. त्यांनी विचारलं, खालचं का मधलं? म्हटलं, खालचं. मग खुर्ची करकरली.

आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, सरक.

टिकटिक, मी तुला आता जे सांगतेय ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी आधी नुसते तळवे ठेवले, त्या मातीच्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना. घड्याळ उघडण्याआधी ठेवायचे ना, तसे. मग बोटं फिरायला लागली. म्हणाले, ही मुळं गोल गोल फिरलीत, कुंडीच्या भिंतीने फिरलीत, घड्याळातल्या गुंडाळलेल्या कमानीसारखी. आणि मग ती सुटी करायला लागले. एकेक टोक शोधायचं, त्याच्यामागे उलटं फिरत जायचं, अडलं की थांबायचं, ओढायचं नाही. ते हात मी दीड वर्षात पाहिले नव्हते गं. म्हणजे रोज पाहत होते, मांडीवर ठेवलेले. पण ते हे हात नव्हते. माती झरत होती, मुळं एकेक करून मोकळी होऊन त्यांच्या मनगटावर पडत होती, आणि एकही तुटलं नाही. एकही!

पिल्लं निघाली चार. तीन स्वतःच्या मुळांवर उभी होती, ती अलगद वेगळी केली. चौथ्यापाशी ह्यांची बोटं थांबली. म्हणाले, इथे काहीतरी आहे, हे मूळ नाही. मी वाकून पाहिलं. आईच्या बुडापासून एक जाडसर पांढरा दोर निघाला होता, आणि त्याच्या टोकाला एक कोंब. पांढराशुभ्र. तान्ह्या बाळाच्या पहिल्या दातासारखा. मातीच्या इतका खाली होता की त्याने उजेड कधी पाहिलाच नसणार.

ह्यांनी विचारलं, टोक कुठे आहे त्याचं? म्हटलं, वर. म्हणाले, नक्की? कोरफडीची पानं दुसऱ्या हाताने चाचपली, पुन्हा कोंबाकडे आले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, तिथे सगळा अंधारच आहे. वर कुठे आहे, हे ह्याला कोणी सांगितलं?

कोंबाला बोटाचं टोक लावून ते नुसते बसून राहिले. मीही बसले. बाहेर शिंपीकाकांचं मशीन चालू होतं, थांबत होतं, पुन्हा चालू होत होतं. देवळात बसावं तसे आम्ही दोघं मातीत बसलो होतो.

तो कोंब आईपाशीच ठेवला. कुंडीच्या काठावर काडी आडवी ठेवून त्यांनी उंची ठरवली, चहूबाजूंनी माती सोडली, बोटांनी ठासली, कुंडी दोनदा आपटली. मग उठले. मी कागद गोळा करत होते, तर नळाचा आवाज आला. हात धुवत होते. कोणाला न विचारता तिथवर गेले होते.

बाकी पुढच्या पत्री. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
मामी

*

हवामान केंद्र
५ मार्च

ती. मामा आणि मामीस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी इथे जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. रागावू नकोस. आम्ही सहाच माणसं आहोत, आणि पत्र कोणाचंही आलं तरी ते सगळ्यांचं असतं. कोंबापाशी आले तेव्हा आचाऱ्याने हातातली पळी खाली ठेवली. मग मला तो भाग परत वाचायला लावला.

मी इतकी वर्षं झाडं लावतेय. पांढरे कोंब किती तरी पाहिले, मातीत परत ढकलले आणि हात धुतले. मामांनी विचारलं ते माझ्या मनात कधी आलं नाही. म्हणून आमच्या प्रमुखांना विचारलं, त्यांचं पुष्कळ वाचन आहे. ते म्हणाले, कोंबाला खाली-वर हे भारामुळे कळतं. त्याच्या आत कणीएवढे जड दाणे असतात, ते खालच्या बाजूला साचतात, आणि त्यावरून तो वर ओळखतो. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, पण ‘ओळखतो’ म्हणजे नेमकं काय करतो, हे मला माहीत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी घालू नका! निदान आठवडाभर नाही, मग अगदी घोटभर. पानं मऊ पडतील, पातळ होतील, बघवणार नाही. तरी नाही. मुळांच्या जखमा भरतायत, त्यांना कोरडंच लागतं. मामी, हे मी तुला उद्देशून लिहितेय.

लोभ आहेच. तो पाण्यासारखा नाही, कितीही घाला.

तुमची
टिकटिक

*

घर
१९ मार्च

चि. टिकटिक हिस,

मामाचे आशीर्वाद. (शब्द त्यांचे, अक्षर माझं. कंसात मी आहे असं समज.)

तुझ्या प्रमुखांना माझा नमस्कार सांग. भाराचं मला पटलं. मी अंथरुणातून उठतो तेव्हा मलाही खाली-वर असंच कळतं, आणि त्याचा मी कधी विचार केला नव्हता. (आता दिवसभर करतात. परवा भाजी चिरताना मला विचारलं, कांद्याला कळतं का?)

तुझं पत्र यायच्या आधीच इथे पाण्यावरून युद्ध झालं. पानं मऊ पडायला लागली. मी रोज सकाळी त्यांना अंगठा लावून बघत होतो, अंगठा आत जायचा. कडा आत वळल्या. तुझ्या मामीला ते बघवेना. म्हणाली, एवढंसं पाणी घालते, कोणाला कळणार आहे? मी म्हणालो, मला. घड्याळ दुरुस्त करून झालं की लगेच हलवून बघायचं नसतं, मुकाट्याने ठेवून द्यायचं. (मी ऐकलं नाही. पाण्याचा जग आणायला गेले तर जग गायब. ज्या माणसाला पाण्याचा पेला हातात द्यावा लागत होता, त्याने जग लपवला! सगळं घर पालथं घातलं. शेवटी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाच्या पेटीत निघाला.) लोलकाच्या मागे बरोबर मावतो.

तेवढ्यात तुझं पत्र आलं आणि मी जिंकलो. (नोंद घेतली आहे.)

तरी टिकटिक, खरं सांगतो, मी घाबरलो होतो. पानं इतकी पातळ झाली की कागद वाटावा. वाटलं, मी मुळं दुखावली. माझ्या हातांवर मी उगीच विसंबलो. आठवडा झाला, घोटभर पाणी दिलं. काही नाही. पुन्हा थांबलो. काही नाही. तुझी मामीसुद्धा चिडवायची थांबली, त्यावरून काय ते समज.

मग गेल्या सोमवारी सकाळी नेहमीसारखा अंगठा लावला. काल दाबला तर आत जात होता. आज पानाने मला उलट दाबलं. मी हात काढला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. कोणीतरी हात धरल्यासारखं वाटलं. रात्रीतून त्या मातीत काहीतरी चालू झालं होतं, मुळांनी पाणी उचललं होतं, एकेका पानापर्यंत नेलं होतं, आणि आम्ही दोघं शेजारच्या खोलीत घोरत होतो. (मी घोरत नाही.) साऱ्या आयुष्यात मी बंद घड्याळं चालू केली. ती मी चालू केली म्हणून चालू झाली. हे मी चालू केलं नाही. मी फक्त माती ठासली आणि जग लपवला.

(इथे मी उठून जग परत घड्याळाच्या पेटीत ठेवून आले.)

वेगळी केलेली पिल्लं तिन्ही रुजली. एक शिंपीकाकूंना दिलं, दोन खिडकीत आहेत. पांढऱ्या कोंबाचा अजून पत्ता नाही. वाट बघतोय.

माझ्या हाताचं प्लास्टर डॉक्टरांनी अजून वाढवलंय. (हे वाक्य माझं होतं, चुकून कंसाबाहेर पडलं.)

आम्हा दोघांचा लोभ एकाच पाकिटात पाठवतोय, वाटून घे.

तुझे
मामा (आणि लेखनिक)

*

घर
६ एप्रिल

चि. टिकटिक,

आशीर्वाद.

हे अक्षर ओळखलंस? मीच लिहितोय. कागदावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवतो आणि तिच्या कडेने लिहितो, ओळ संपली की पट्टी बोटभर खाली. त्यामुळे अक्षरांचे पाय कापले जात असतील. उकार तुझे तू मनाने लाव.

तुझी मामी बाजारात गेली आहे, दोन्ही हात हलवत. प्लास्टर निघालं.

आधी कोंब. परवा आईच्या बुडाशी माती चाचपताना वाळूचा एक खडा वर उचललेला लागला. त्याच्याखाली बोट नेलं तर टोक. सुईसारखं नाही, नखासारखं. मामीला हाक मारली. ती चष्मा लावून आली, म्हणाली काही नाही. मी म्हणालो, आहे. मग खाली वाकली. म्हणाली, आहे गं बाई. एवढ्या मातीतून, अंधारातून, तो बरोबर वर आला होता. आता ती मला रोज सांगते, आज टोकाला हिरवं आलं, आज अर्ध्यापर्यंत आलं. हिरवं मला कळत नाही, पण तो रोज किती चढला ते मी तिला सांगतो. दोघांचं मिळून एक झाड दिसतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. हे मला मामीकडून लिहून घेता येणार नाही, कारण ते तिच्याबद्दल आहे.

प्लास्टर काढलं तेव्हा ती मला हात लावू देईना. म्हणाली, वाळलेल्या काटकीसारखा झालाय, दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो. डॉक्टरांनी रोज तेल लावून चोळायला सांगितलंय. पहिल्या दिवशी ती लावत बसली आणि तिचा तिला दाब देता येईना, तेव्हा मी म्हणालो, सरक.

टिकटिक, मी हा हात जन्मभर पाहिला होता. म्हणजे मला दिसत होता. पण माझ्या हातात तो असा कधी आलाच नव्हता. तीस वर्षं पुस्तकांच्या बाईंडिंगच्या कारखान्यात कागद दुमडून अंगठ्याच्या कडेला घट्टा पडलाय, चामड्यासारखा. दोन बोटांच्या पेरांवर दोरा ओढून ओढून बारीक खाचा आहेत. करंगळी किंचित बाहेर वळलेली. विचारलं, हे काय, तर म्हणाली, लहानपणी दारात सापडली होती. इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. आणि मनगटात, मोडलं होतं तिथे, आत एक छोटासा उंचवटा लागतो. डॉक्टरांनी हाड फक्त धरून ठेवलं होतं. जोडलं तिच्या तिने. रोज तोंडाने मला चिडवत होती, कुरकुरत होती, आणि आत अंधारात एक हाड दुसऱ्याला शोधत होतं. मी त्या उंचवट्यावर बोट ठेवलं आणि मला पुढे चोळताच येईना. ती म्हणाली, दुखत नाही, चोळा. मी तरी थांबलोच.

एवढी मोठी गोष्ट माझ्या घरात होती, आणि मी तिच्याकडून नुसता पाण्याचा पेला घेत होतो.

कोरफडीपुढे बसलो होतो तेव्हा वाटलं होतं, यापेक्षा नवल काय असणार. मला काय ठाऊक!

आता रोज संध्याकाळी हात चोळतो. तिला वाटतं, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.

पाकिटावर पत्ता घालायला मी खाली शिंपीकाकांकडे जाणार आहे. जिना उतरायचा सराव चालू आहे, कठडा चांगला आहे. ती यायच्या आत परत वर पोचलो पाहिजे.

उत्तरात यातलं काही लिहू नकोस. तुझी पत्रं मला वाचून दाखवणारी तीच आहे.

किंवा असं कर, लिहीच. मोठ्याने वाचायला लागलं म्हणजे तिचं तिला कळेल. मी समोरच बसलेला असेन.

लोभ तुझ्यावर आहेच. बाकीचा सगळा कोणावर आहे, ते आता तुला ठाऊक झालं.

तुझा
मामा